खोंडाला अंडी, शिंगराला हरभरा आणि रक्ताचा रिपोर्ट

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच विषयावरची निघाली: वाढत्या वयाचं जनावर, त्याला दिलेला पळायचा सराव, त्याच्या तोंडात जाणारं प्रोटीन आणि शेवटी लॅबमधून आलेला कागद. म्हणून हा अंक त्यालाच दिला. लसीकरण आणि सडाच्या आजाराची पत्रं पुढच्या वेळी घेतो, रागावू नका.

प्रश्न : डॉक्टर साहेब, नमस्कार. माझा दीड वर्षाचा खिलार खोंड आहे, अजून आदत आहे (दुधाचे दात पडलेले नाहीत), टेपने मोजलं तर वजन २२० किलो भरतं. शर्यतीसाठी तयार करतोय. दोन महिने झाले, रोज पहाटे रानात चालवतो आणि आठवड्यातून दोनदा पळवतो. खुराक म्हणजे रोज दोन अंडी, लिटरभर दूध, मूठभर उडीद डाळ भिजवून, अर्धा किलो मक्याचा भरडा आणि पोटभर कडबा. पोट सुटेल म्हणून हिरवं बंद केलंय. परवा रक्त तपासलं तर एचबी (हिमोग्लोबिन) ९.१ आलं, सराव सुरू करायच्या आधी १०.८ होतं. दोस्त मंडळी म्हणतायत रक्त आटलं, लोहाचं इंजेक्शन मार आणि अंडी चार कर. काय करू? (ता. माण, जि. सातारा)

उत्तर : दादा, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने कायदाही मान्य केला, तेव्हापासून खोंडाच्या खुराकाची पत्रं वाढलीत आणि जवळजवळ प्रत्येकात अंडी असतातच. अंड्यांकडे येतो, आधी तो ९.१ चा आकडा बघू.

गाई-बैलांत एचबी ८ ते १५ च्या मधे कुठेही असलं तरी चालतं. माणसाचा १२-१३ चा हिशोब डोक्यात ठेवून जनावराचा कागद वाचला की घाबरायला होतं, तसं तुमच्या दोस्तांचं झालंय. ९.१ म्हणजे खालच्या बाजूला आहे पण आजार नाही. आता १०.८ वरून ९.१ का आलं, तर त्याची तीन-चार कारणं असू शकतात आणि त्यातलं सगळ्यात साधं कारण कोणाला सुचत नाही, ते म्हणजे पाणी. नियमित व्यायाम सुरू झाला की शरीर रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढवतं, कारण घाम गाळायला आणि स्नायूंकडे जास्त रक्त फिरवायला ते लागतं. हे काही दिवसांतच होतं. लाल पेशी वाढायला मात्र कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे मधल्या काळात पेशी तेवढ्याच, पाणी जास्त, आणि रिपोर्टमध्ये एचबी उतरलेलं दिसतं. एकूण पेशी कमी झालेल्याच नसतात. घोड्यांत आणि धावपटू माणसांत हे पुष्कळदा मोजून झालंय.

दुसरं, रक्त कधी काढलं? पहिल्या वेळी खोंड नवखा होता, चौघांनी धरला असेल, वेसण ओढली असेल, उड्या मारल्या असतील. अशा वेळी प्लीहा (पोटातला रक्त साठवणारा अवयव) आकसतो आणि त्यात साठलेल्या पेशी रक्तात येतात, आकडा वर जातो. आता दोन महिन्यांत हाताळून हाताळून तो शांत झालाय, त्यामुळे कदाचित दुसरा आकडाच खरा असेल आणि पहिला फुगलेला. तुम्ही लिहिलं नाही म्हणून विचारतो, दोन्ही वेळा रक्त पळवायच्या आधी काढलं की नंतर?

आता खुराकाचा हिशोब मांडू, कारण खरी गडबड तिथे आहे. २२० किलोच्या वाढत्या जनावराला दिवसाला साधारण साडेपाच किलो सुका चारा-खुराक (पाणी वजा जाता) लागतो आणि त्यात १३ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असावं, म्हणजे रोजचं ७०० ग्रॅम. तुमच्याकडून काय जातंय बघा. पाच किलो कडब्यातून १८० ग्रॅम, कारण कडब्यात प्रोटीन ३-४ टक्केच असतं. भरड्यातून ४५. लिटरभर दुधातून ३२. मूठभर उडदातून १२. आणि दोन अंड्यांतून, ज्यांच्यावर एवढा भरवसा आहे, त्यातून १२ ग्रॅम. सगळं मिळून २८० सुद्धा होता होता होईल! चार अंडी केली तर २९२ होईल. समजलं का मी काय म्हणतोय ते?

आणि अंडं तरी पोटात गेल्यावर अंडं राहतं का? खोंड रवंथ करणारा आहे. त्याच्या मोठ्या पोटात जे जंतू आहेत ते आलेलं बहुतेक प्रोटीन तोडून अमोनिया करतात आणि त्या अमोनियापासून स्वतःचं प्रोटीन बनवतात, मग ते जंतू पुढच्या पोटात जाऊन पचतात आणि खोंडाला मिळतं ते हे जंतूंचं प्रोटीन. म्हणजे तुम्ही अंड्याचं उत्तम प्रोटीन घाला नाहीतर पेंडीचं साधं घाला, जंतूंच्या हातून बराचसा माल सारखाच होऊन निघतो. पिणाऱ्या वासराची गोष्ट वेगळी, त्याचं दूध मोठं पोट टाळून थेट शेवटच्या पोटात उतरतं, दीड वर्षाच्या खोंडाला तो फायदा फारसा राहत नाही. अंडी द्यायची हौस असेल तर घरातल्या पोरांना द्या.

मग द्यायचं काय? तीन किलो कडबा कुट्टी करून, आठ किलो लसूणघास, अर्धा किलो शेंगदाणा पेंड, पाऊण किलो मक्याचा भरडा. याचा हिशोब लावला तर ७०० ग्रॅमला पोचतो, शिवाय ३०-४० ग्रॅम मिनरल मिक्स्चर आणि मिठाचा खडा गव्हाणीत. हिरव्याने पोट सुटतं ही भीती सोडा, आठ किलोने काही होत नाही, फक्त दव असलेला कोवळा लसूणघास उपाशीपोटी एकदम टाकू नका, पोट फुगतं, आधी थोडा कडबा जाऊ दे. लसूणघास मिळतच नसेल तर हुलगे शिजवून द्या, २२ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं आणि माणदेशात ते मिळायला अडचण नाही. पेंड घेताना फोडून वास घ्या, बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड म्हणजे यकृताला विष. आणि हा सगळा बदल दहा-बारा दिवसांत हळूहळू करा, पोटातल्या जंतूंनाही सवय व्हावी लागते.

लोहाचं इंजेक्शन? नको. चरणाऱ्या, वैरण खाणाऱ्या जनावराला लोह सहसा कमी पडत नाही, माती आणि चाऱ्यातून भरपूर जातं. कमी पडलंच तर तांबं पडतं, आणि तांबं नसलं की लोह असूनही वापरता येत नाही, म्हणून तर मिनरल मिक्स्चर. इंजेक्शनच्या आधी एक गोष्ट मात्र करून घ्या, कानाच्या टोकाचं रक्त घेऊन काचेवर स्मिअर, म्हणजे थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी. मांड्यांत, कानांत, शेपटीखाली गोचीड आहेत का बघा. थायलेरिया, बबेसिया, ॲनाप्लाझ्मा हे तिन्ही रक्तातले जंतू गोचिडातून येतात आणि तिन्ही लाल पेशींच्या मुळावर उठतात, खिलार जरा काटक असला म्हणून सुटतो असं नाही. लघवी लाल झाली, ताप आला, खांद्यापुढची गाठ सुजली तर अंकातलं उत्तर वाचत बसू नका, डॉक्टरला बोलवा.

आणि घाई करू नका. गुरांची लाल पेशी पाच महिन्यांच्या आसपास जगते, म्हणजे रोज शंभरातली एकही पूर्ण बदलत नाही. आज पेंड सुरू केली आणि पुढच्या सोमवारी रक्त काढलं तर काय दिसणार? सहा ते आठ आठवड्यांनी, पहाटे, पळवायच्या आधी, खोंड बांधलेला शांत असताना, त्याच लॅबमध्ये परत तपासा. तोवर पळवणं आठवड्यातून एकदाच ठेवा, चालणं चालू दे, आदत वयात हाडांची टोकं अजून जुळलेली नसतात.

प्रश्न : सर, मी पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. सेमिनारसाठी व्यायाम, आहारातलं प्रोटीन आणि वाढत्या उंदरांचं रक्त हा विषय घेतलाय. कमी प्रोटीन आणि व्यायाम एकत्र आले की ॲनिमिया होतो असं एका ठिकाणी वाचलं आणि दुसऱ्या ठिकाणी वाचलं की तो खरा ॲनिमिया नाहीच. नक्की काय? आणि असा प्रयोग करायचा तर काय काळजी घ्यावी? (परभणी)

उत्तर : छान विषय घेतलास, आणि दोन्ही ठिकाणी लिहिलेलं आपापल्या जागी बरोबर आहे.

या विषयात जपानच्या योशिमुरांचं नाव तुला भेटलंच असेल. १९७० च्या आसपास त्यांनी स्पोर्ट्स ॲनिमियाची कल्पना नीट मांडली. जड व्यायाम नव्याने सुरू केला आणि आहारात प्रोटीन बेताचं असलं की पहिल्या काही आठवड्यांत हिमोग्लोबिन उतरतं, मग सवय झाली की परत चढतं. त्यांचं म्हणणं असं की स्नायू वाढवायला प्रोटीन हवं, आहारातून पुरत नाही, म्हणून शरीर लाल पेशी जास्त वेगाने मोडतं आणि त्यातला माल तिकडे वळवतं. प्रोटीन वाढवलं की ही घट टळते. कल्पना देखणी आहे, खरं सांगायचं तर मला आवडते. पण नंतरच्या लोकांनी प्लाझ्माचं आकारमान मोजायला सुरुवात केली आणि लक्षात आलं की त्या घटीतला मोठा वाटा नुसत्या पातळ होण्याचा आहे. वर खोंडाच्या उत्तरात जे लिहिलंय तेच. म्हणून तुझ्या सेमिनारमध्ये एकच प्रश्न ठळक ठेव: प्रति डेसिलिटर हिमोग्लोबिन कमी झालं की एकूण हिमोग्लोबिन कमी झालं? ज्या प्रयोगात फक्त पहिलं मोजलंय त्यावरून ॲनिमिया म्हणणं जरा धाडसाचं.

मागे जायचं असेल तर व्हिपलपर्यंत जा. जॉर्ज व्हिपल यांनी कुत्र्यांचं रक्त काढून त्यांना मुद्दाम ॲनिमिक ठेवलं आणि कुठल्या आहाराने रक्त लवकर भरून येतं ते बघितलं, यकृत सगळ्यात सरस ठरलं, १९३४ चं नोबेल त्यांना मायनॉट आणि मर्फी यांच्यासोबत मिळालं. प्रयोगांत वर्षानुवर्षं बरोबरीने राबलेल्या फ्रिडा रॉबशाइट-रॉबिन्स यांचं नाव त्या यादीत नव्हतं, हे सेमिनारमध्ये जरूर सांग. पण तुझ्या विषयाला जवळचं आहे ते त्यांचं नंतरचं काम. प्रोटीन तोकडं पडलं की शरीर आधी कोणाला देतं, हिमोग्लोबिनला की प्लाझ्मातल्या प्रोटीनला? उत्तर आलं, हिमोग्लोबिनला. म्हणजे टंचाईत आधी अल्ब्युमिन (प्लाझ्मातलं मुख्य प्रोटीन) घसरणार आणि एचबी बराच काळ तग धरणार. वाढतं जनावर असेल तर त्याचं वजन वाढायचं थांबतं, तेही रक्ताच्या आधी. त्यामुळे कमी प्रोटीनचा परिणाम बघायचा आणि फक्त एचबी मोजायचं म्हणजे चुकीच्या दारावर टकटक करणं. वजन, अल्ब्युमिन आणि युरिया हे तिन्ही घे.

थोडं गणित कर, मजा येईल. रोज ४०० ग्रॅम वजन वाढणाऱ्या वासराला, रक्त वजनाच्या ७ टक्के धरलं तर, रोज २८ मिली नवं रक्त लागतं, त्यात तीनेक ग्रॅम हिमोग्लोबिन. शिवाय जुन्या पेशी मरतात त्यांची भरपाई, २२० किलोच्या जनावरात १५ लिटर रक्त, दीड किलो हिमोग्लोबिन, १५० दिवसांचं आयुष्य, म्हणजे रोज १० ग्रॅम. एकूण १३. आणि आहारातली गरज ७०० ग्रॅमची! त्यात परत मेलेल्या पेशीतलं लोह आणि अमिनो ॲसिड शरीर पुन्हा वापरतं. नुसत्या प्रोटीनच्या टंचाईने एचबी कोसळायला टंचाई किती भयंकर असावी लागेल ते यावरून कळतं.

उंदरांकडे येऊ. लाल पेशीचं आयुष्य तिथे ६० दिवसांच्या आसपास, त्यामुळे फरक लवकर दिसतो, म्हणूनच तर उंदीर सोयीचा. गट चार हवेत: प्रोटीन पुरेसं आणि बसून, पुरेसं आणि व्यायाम, कमी आणि बसून, कमी आणि व्यायाम. वाढीच्या वयासाठी नेहमीच्या प्रमाण आहारात २० टक्के केसिन (दुधातलं प्रोटीन) असतं, कमी गटात ते उतरवायचं आणि तेवढ्याच कॅलरी स्टार्चने भरायच्या, लोह-तांबं सगळ्यांना सारखं. सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे खाणं. नर उंदराला रोज पळवलं की तो खाणं कमी करतो, मादीत हे तितकं होत नाही. मग व्यायामाच्या गटात जे दिसलं ते व्यायामाने की उपासाने? त्यासाठी व्यायामाचा गट जेवढं खातो तेवढंच मोजून बसलेल्या गटाला द्यावं लागतं, त्या तुलनेशिवाय निकालाला अर्थ नाही.

दुसरा खड्डा जास्त गमतीचा आहे. २०० ग्रॅमच्या उंदरात रक्त किती असतं? १३ मिली. दर आठवड्याला दीड-दोन मिली काढत बसलीस तर ॲनिमिया तुझ्या सुईने होणार आणि खापर व्यायामावर फुटणार. एका वेळी एकूण रक्ताच्या दहाव्या हिश्श्याच्या आत राहा, आणि मधे पुरेसे दिवस जाऊ दे. शेवटचा नमुना व्यायामानंतर लगेच घेऊ नकोस, दिवसभर विश्रांती देऊन घे. पोहायला लावणार असशील तर पाण्याचं तापमान लिहून ठेव, गार पाण्यात तो व्यायामापेक्षा भीती आणि थंडीचाच प्रयोग होतो. आणि प्राणी-नैतिकता समितीची परवानगी आधी, नंतर नाही.

प्रश्न : डॉक्टर साहेब, सारंगखेड्याच्या बाजारातून दोन वर्षांचं शिंगरू घेतलं, आता त्याला लगामाची सवय लावतोय. रक्तात पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) ५६ आलं. ओळखीचे एक चाबूकस्वार (घोडे शिकवणारे) म्हणाले रक्त घट्ट झालंय, हरभरा गरम पडला, बंद करा, थोडं रक्त काढून टाका. मला पटेना. (जि. नंदुरबार)

उत्तर : पटलं नाही ते बरं झालं. रक्त अजिबात काढू नका.

घोड्याच्या प्लीह्यात एकूण लाल पेशींचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, साठवलेला असतो आणि तो पळाला, भ्यायला, नुसता उत्साहात आला तरी प्लीहा पिळला जाऊन त्या रक्तात उतरतात. शांत उभ्या घोड्याचं पीसीव्ही ४० च्या आसपास असेल तर जोरात पळाल्यावर तेच ६० च्या वर जातं. दोन मिनिटांत. हीच घोड्याची ताकद आहे. तुमचं शिंगरू बाजारातून नवं आलंय, अनोळखी माणूस सुई घेऊन आला, ते काय स्वस्थ उभं राहणार होतं? त्यातून ५६ आलं. दोन-तीन दिवस त्याला डॉक्टरांची किंवा कंपाउंडरची ओळख होऊ द्या, पाणी पुढ्यात ठेवा, सकाळी ठाणावरच, खरारा करता करता रक्त घ्या. तेव्हाही ५० च्या वर आलं तर मग पाणी कमी पितंय का, जुलाब आहेत का, हे बघायचं.

हरभऱ्याने रक्त घट्ट होत नाही. उलट वाढत्या घोड्याला लायसिन नावाचं अमिनो ॲसिड सगळ्यात आधी कमी पडतं, आणि हरभऱ्यासारख्या डाळवर्गात ते चांगलं असतं, सातू-ओटसारख्या धान्यात कमी. घोडा रवंथ करत नाही, त्यामुळे खोंडाला जे सांगितलं ते इथे लागू नाही, त्याच्या लहान आतड्यातच प्रोटीन पचतं आणि कुठलं प्रोटीन दिलं याला महत्त्व आहे. भिजवलेला हरभरा चालू ठेवा, फक्त एकदम शेरभर नको, दोन-तीन वेळा विभागून, आणि निम्म्याहून जास्त खाणं गवत-लसूणघास असू दे. जास्त प्रोटीन दिलं तर काय होतं? यकृत त्याचा युरिया करतं, मूत्र वाढतं, तहान वाढते, तबेल्यात डोळे चुरचुरतील असा अमोनियाचा वास येतो. रक्त तयार होत नाही त्याचं. आणि हो, पळाल्यावर खोगिराखाली जो पांढरा फेस येतो तोही प्रोटीनच आहे, लॅथरिन म्हणतात, घाम केसांतून पसरावा म्हणून.

एक मात्र लक्षात ठेवा. सुट्टीच्या दिवशी पूर्ण खुराक देऊन दुसऱ्या दिवशी एकदम पळवलं आणि घोडा ताठला, मागचे पाय ओढायला लागला, कॉफीसारखी लघवी झाली, तर तो स्नायूंचा रंग आहे, रक्ताचा नाही. तिथल्या तिथे थांबवा, चालवत घरी आणू नका, डॉक्टरला जागेवर बोलवा. सुट्टीच्या दिवशी दाणा निम्मा करायची जुनी पद्धत उगाच नव्हती.

प्रश्न : उस्मानाबादी शेळीची तीन महिन्यांची करडं आहेत, दहा-बारा किलोची. डोळ्याची आतली बाजू पांढरी पडलीय, चरायला सोडली की मागे राहतात, दमतात. सोयाबीन पेंड सुरू करून महिना झाला, काही फरक नाही. एकाच्या जबड्याखाली थैली आल्यासारखं सुजलंय. (जि. धाराशिव)

उत्तर : ताई, तुमच्या पेंडीवर जंत जेवतायत. पावसाळ्यात चौथ्या पोटात जो रक्तपिपासू जंत होतो, हिमोंकस, तो एकेकटा दिवसाला ०.०५ मिली रक्त पितो. थेंबभरच वाटतं, पण हजार जंत म्हणजे रोजचं ५० मिली, आणि १२ किलोच्या करडाच्या अंगात रक्त असतं ८०० मिलीच्या आसपास. कुठली पेंड पुरी पडणार? जबड्याखालची थैली म्हणजे पाणी, रक्तासोबत अल्ब्युमिन वाहून गेलं की पाणी रक्तात धरून ठेवायला कोणी राहत नाही, ते खाली उतरतं. त्या करडाला आजच डॉक्टरकडे न्या, बाकीच्यांची लेंडी तपासून, प्रत्येकाचं वजन करून, वजनाप्रमाणे औषध. अंदाजाने कमी डोस पाजला की जंतच औषधाला निर्ढावतात, आणि दर महिन्याला सगळ्या कळपाला पाजायची सवयही तेच करते. ज्यांचे डोळे लालगुलाबी आहेत त्यांना औषध पाजू नका.

आणि पेंड बंद करू नका हं! जंत गेल्यावर रक्त भरून यायला प्रोटीन लागणारच आहे, आणि पोटात प्रोटीन बरं असलेली करडं जंतांचा मार जास्त सोसतात, हे सिद्ध झालेलं आहे. सोबत शेवरी-सुबाभळीचा पाला. डोळे लाल होईपर्यंत लांब चरायला नेऊ नका, गोठ्याजवळच असू दे, एवढ्या कमी रक्तावर उन्हात चालणं म्हणजे करडू वाटेतच बसायचं.

प्रश्न : कालवडीच्या रक्तात टोटल प्रोटीन ८.६ आलं. लॅबवाले म्हणाले जास्त आहे. सरकी पेंड कमी करू का? (जि. अहिल्यानगर)

उत्तर : नाही. खाल्लेलं प्रोटीन तसंच रक्तात चढत नाही. टोटल प्रोटीन वाढतं ते एकतर पाणी कमी पडल्याने, नाहीतर ग्लोब्युलिन (आजाराशी लढणारं रक्तातलं प्रोटीन) वाढल्याने, म्हणजे कुठेतरी जुनी सूज, पू, खूर-सांध्याचं दुखणं, जुना गोचीडताप. अल्ब्युमिन वेगळं आणि ग्लोब्युलिन वेगळं करून मागा. पेंड जास्त होतेय का हे बघायचं असेल तर युरिया बघा, तो खुराकाप्रमाणे एक-दोन दिवसांत हलतो.

प्रश्न : कारवानी जातीचं कुत्र्याचं पिल्लू आणलंय, सात आठवड्यांचं. एचबी ८.५, पीसीव्ही २७. मोठेपणी पळवायचंय, म्हणून आत्तापासून चिकन-अंडी वाढवू का, आणि पळायला कधी लावू? (जि. लातूर)

उत्तर : या वयात असंच असतं. पिल्लू जन्मतं तेव्हा रक्त दाट असतं, मग आईच्या पोटातल्या पेशी मरतात, अंग भराभर वाढतं, दुधात लोह नावापुरतं, आणि दुसऱ्या महिन्यापर्यंत आकडे खाली येतात. सहा महिन्यांचं होईतो मोठ्या कुत्र्याच्या पातळीला पोचतं, आणि पळणाऱ्या हाउंड जातींत मोठेपणी ते इतर कुत्र्यांपेक्षाही वर जातं. जंताचं औषध वेळेवर, गोचीड-पिसवा नाहीत याची खात्री, आणि दिवसातून चार वेळा थोडं थोडं खाणं. चिकन-अंडी द्या, कुत्र्याला त्याचा खराच उपयोग होतो, पण नुसतं मांस नको, त्यात कॅल्शियम नसतं आणि पाय वाकडे होतात. मागे बांधून मोटरसायकलने पळवतात तसं वर्षाच्या आत अजिबात करू नका. अंगणात, शेतात मोकळं खेळू द्या, दमलं की ते स्वतःच बसतं, आणि बसलं की उठवू नका.